आल आणि आलवण : माळव्यातील एका विसरलेल्या रंगाचा इतिहास



ज्यांच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहेच. मी मात्र त्यांचा उल्लेख नुसता 'सर' असाच करणार आहे, कारण साठ वर्षांपूर्वी इंदूरच्या याच शाळेत आम्ही त्यांना तसेच म्हणत असू. सर रसायनशास्त्र शिकवीत. मी पुढे मराठीचा प्राध्यापक झालो आणि माझा प्रबंध होळकरशाहीतील कागदपत्रांच्या भाषेवर आहे. तेव्हा एका रसायनज्ञाच्या स्मरणार्थ मराठीच्या माणसाने काय बोलावे, हा प्रश्न निमंत्रण आले त्याच दिवशी मला पडला. पुष्कळ विचारानंतर असे ठरविले की, ज्या एका प्रश्नाला सरांनी मला "ठाऊक नाही" असे उत्तर दिले होते, तोच आज घ्यावा. तो प्रश्न एका लुगड्याच्या रंगाचा आहे.

१९६४ साल असावे. मी नववीत होतो. सरांनी टिपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवल्या होत्या. त्यांतल्या एका पट्टीवर त्यांनी चुन्याच्या निवळीचा थेंब टाकला. पट्टी तांबडीभडक झाली. वर लिंबू पिळले. ती पुन्हा पिवळी झाली. वर्गात एकच गलका उडाला. सर म्हणाले, "यात जादू नाही. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, हे तुमच्या आयांना माझ्याआधीपासून माहीत आहे." मग त्यांनी कुंकवाची कृती सांगितली. हळकुंडावर टाकणखार, तुरटी आणि लिंबाचा रस यांची प्रक्रिया केली की पिवळ्याचे लाल होते आणि ते तसेच टिकते. घरातल्या घरात, अक्षर न ओळखणाऱ्या बायकांनी, रंग बदलणारे द्रव्य हाताळले होते आणि तो बदल हवा तिथे थांबवण्याची युक्तीही शोधली होती.

त्या दिवशी घरी गेल्यावर माझे लक्ष प्रथमच आत्याआजीच्या लुगड्याकडे गेले. ही माझ्या आजोबांची बहीण. अकराव्या वर्षी वैधव्य आले, केशवपन झाले, आणि त्यानंतरचे सारे आयुष्य तिने भावाच्या घरात, डोक्यावरून पदर घेऊन, तांबड्या आलवणात काढले. तो रंग धड लाल नव्हता, धड तपकिरीही नव्हता. विटेवर सावली पडावी तसा काहीसा होता. मी तिला विचारले, याला आलवण का म्हणतात? ती म्हणाली, "आलात रंगवतात म्हणून. आमच्याकडे असंच सांगत." आल म्हणजे काय, हे तिलाही सांगता आले नाही. झाडबीड असेल, म्हणाली.

मी जुन्या आलवणाची एक चिंधी मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी सरांना दिली. सरांनी ती परीक्षानळीत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात गरम केली. कापड फिकटले आणि आम्ल पिवळे झाले. त्या पिवळ्या पाण्यात त्यांनी कॉस्टिक सोड्याचा द्राव थेंबाथेंबाने सोडला, तेव्हा ते गर्द जांभळे झाले. लाल चिंधीतून पिवळे आणि पिवळ्यातून जांभळे! मी विचारले, "सर, मग हा आलाचा रंग आहे का?" सर क्षणभर थांबले. "आलातले द्रव्य आणि जर्मनीतून येणारे अलिझरीन, दोन्ही एकाच जातीची आहेत. या परीक्षेत दोन्ही जांभळीच होतील. तुझ्या आजीच्या लुगड्यात कोणते आहे, मला ठाऊक नाही." शिक्षकाने चाळीस मुलांसमोर असे म्हटल्याचे मी तोवर ऐकले नव्हते.

घरी येऊन मी मोठ्या उत्साहाने आत्याआजीला ही हकीकत सांगितली. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "कुठला का रंग असेना, नेसायचं मलाच आहे."

हे वाक्य कळायला मला पुष्कळ वर्षे लागली. आलाचा शोध मात्र त्याच दिवशी सुरू झाला. अर्थात मी तो माझ्या मार्गाने केला, म्हणजे शब्दांच्या. जुन्या मराठी कोशांतून 'आल' आणि 'आलवण' हे शब्द जवळजवळच भेटतात, आणि दुसऱ्याच्या पोटात पहिला आहे याविषयी मला तरी संशय वाटत नाही. प्रबंधाच्या निमित्ताने मी जी दप्तरे चाळली, त्यांतली काही तांबड्या खारव्याच्या रुमालांत बांधलेली होती. खारवा म्हणजे जाडेभरडे लाल कापड. सावकारांच्या चोपड्यांना, मेण्यांच्या पडद्यांना, गाद्यांना ते वापरीत. आलात रंगवलेल्या खारव्याला वाळवी लागत नाही, असा जुना समज होता. तो खरा की खोटा याची परीक्षा मी केलेली नाही. पण त्या रुमालांतले कागद धडधाकट होते, एवढे सांगतो.

आल हे कॉफीच्या आणि मंजिष्ठेच्या कुळातले झाड. शास्त्रीय नाव मोरिंडा. महाराष्ट्रात बारतोंडी म्हणून ओळखले जाते ते याचेच भावंड. आज हेच झाड 'नोनी' या परक्या नावाने औषधांच्या दुकानात आले आहे. नोनीचा रस घेणाऱ्या माझ्या समवयस्कांना मी सांगतो की, बाबांनो, याच झाडाने तुमच्या पणज्यांची लुगडी रंगवली. ते हसून सोडून देतात. रंग फळात नसतो. तो मुळाच्या सालीत असतो. माळव्यात आणि बुंदेलखंडात आलाची शेती होत असे, आणि ती मोठ्या धीराची शेती होती. बी पेरल्यापासून तीन-चार वर्षे काहीच हाती येत नसे. मग झाड मुळासकट खणून काढावे लागे, आणि मुळे तीन-चार फूट खोल गेलेली असत. बारीक मुळीला सर्वांत जास्त भाव. जाड मुळी टाकून देत, कारण तिच्यात लाकूड फार आणि साल थोडी. काळ्या जमिनीत चार फूट खणणे म्हणजे काय, हे ज्याने माळव्याचे शेत उन्हाळ्यात पाहिले आहे त्यालाच कळेल.

आता रंगाऱ्याच्या कामाविषयी थोडे विस्ताराने बोलतो, कारण खरी गंमत तिथे आहे. हळदीने रंगवायचे तर कापड हळदीच्या पाण्यात घातले की झाले. पण तो रंग कच्चा. आलाचा रंग सुती धाग्याला आपण होऊन धरतच नाही. मध्ये दुवा लागतो. तो दुवा तुरटीचा असला तर लाल होतो, लोहाचा असला तर काळपट होतो, दोन्हींचे मिश्रण असले तर जांभळटाकडे जातो. म्हणजे एकच मूळ, एकच हंडा, आणि कापडावर आधी काय लावले आहे त्याप्रमाणे निरनिराळे रंग. रोमन ग्रंथकार प्लिनी याने पहिल्या शतकात इजिप्तमधील रंगाऱ्यांचे असेच वर्णन केले आहे. ते पांढऱ्या कापडावर रंगहीन द्रव्ये लावतात, सारे कापड एकाच कढईत बुडवतात आणि बाहेर काढतात तेव्हा त्यावर अनेक रंग उमटलेले असतात, याचे त्याला मोठे नवल वाटले.

प्लिनीचे नवल मी माझ्या डोळ्यांनी बाग या गावी पाहिले. धार जिल्ह्यातील हे गाव सामान्यतः बौद्ध लेण्यांसाठी प्रसिद्ध आहे. पण तेथील खत्री छिप्यांची छपाई लेण्यांइतकीच पाहण्याजोगी आहे. कापड प्रथम एरंडेल, खार आणि बकरीच्या लेंड्या यांच्या मिश्रणात तुडवून भिजवतात, वाळवतात, पुन्हा भिजवतात. मग हिरड्याच्या पाण्यातून काढले की त्याला पिवळसर छटा येते. ठशांसाठी दोन खळी असतात. एक तुरटीची, चिंचोक्याच्या डिंकात कालवलेली. दुसरी गंजलेले लोखंड आणि गूळ कुजवून केलेली. लोखंडाचा ठसा हिरड्यावर पडताच काळवंडतो, शाईसारखा. तुरटीचा ठसा मात्र जेमतेम दिसतो. या अवस्थेतले कापड अगदी निस्तेज असते. नवख्याला वाटेल की छपाई बिघडली. नंतर ते बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात आणि तांब्याच्या हंड्यात अलिझरीन व धायटीची फुले घालून कित्येक तास उकळतात. हळूहळू जिथे तुरटी होती तिथे लाल उगवतो आणि काळा अधिक गडद होतो. काठीने कापड हलवणाऱ्या वृद्ध कारागिराला मी विचारले, "किती वेळ उकळायचे हे कसे ठरवता?" त्याने वाकून वाफेचा वास घेतला. तेवढेच उत्तर.

त्या हंड्यात पूर्वी मुळे पडत. आज बहुतेक ठिकाणी पडते ते कारखान्यात तयार झालेले अलिझरीन. हा बदल कसा झाला, हे आता पाहू.

सुती कापड मुळांनी रंगवण्याची विद्या या देशात किती जुनी आहे, याचा एक पुरावा मुंबईतच तपासला गेला. मोहेंजोदडोच्या उत्खननात चांदीच्या भांड्याला चिकटून राहिलेला कापडाचा एक तुकडा मिळाला. माटुंग्याच्या कापूस प्रयोगशाळेत टर्नर आणि गुलाटी या दोघांनी १९२० च्या दशकात तो तपासला आणि तो कापसाचाच असल्याचे निश्चित केले. त्यावरचा रंग मंजिष्ठेच्या वर्गातला होता. म्हणजे तुरटीचा दुवा माणसाला चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी सापडला होता. ज्याला तो सापडला त्याचे नाव अर्थातच कोणी लिहून ठेवले नाही.

एवढ्या दीर्घ परंपरेला उतरती कळा लागायला मात्र पुरती पन्नास वर्षेही लागली नाहीत. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन कोयनेल तयार करू पाहत होता. त्याच्या हाती डांबरापासून जांभळा रंग लागला. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनज्ञांनी युरोपीय मंजिष्ठेतील मुख्य द्रव्य, अलिझरीन, डांबरातील अँथ्रासीनपासून बनवले. पुढच्याच वर्षी त्याच्या स्वस्त कृतीचे पेटंट मागण्यासाठी बीएएसएफ आणि पर्किन यांच्यात शर्यत लागली आणि पर्किन एका दिवसाने मागे पडला. फ्रान्समध्ये अविन्यो परिसरातील मंजिष्ठेची शेते ओस पडली. माळव्यातली आलाची शेतेही गेली. फक्त त्यांच्याविषयी कोणी काही लिहिले नाही. विसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या संस्थानी गॅझेटिअरांत आल हे एकेकाळचे पीक म्हणून येते, एखाद्या ओळीत, जाता जाता.

येथे एक गोष्ट बारकाईने लक्षात घेतली पाहिजे. प्रयोगशाळेत तयार झाले ते मंजिष्ठेचे द्रव्य. आलातले मुख्य द्रव्य मोरिंडोन. ते अलिझरीनचे सख्खे भावंड असले तरी वेगळे आहे आणि त्याचा लाल अधिक काळसर, मातकट असतो. म्हणजे आलाचा रंग कोणी कारखान्यात बनवून त्या झाडाला हरवले, असे घडलेच नाही. दुसराच एक लाल स्वस्त झाला. दिवसच्या दिवस चालणारे काम त्याने तासांवर आणले, गिऱ्हाइकाला तो अधिक भडक वाटला आणि आलाची गरज उरली नाही. रंगारी मूर्ख नव्हते. पोटाचा हिशेब त्यांनाही करता येत होता, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही अलिझरीनचा डबाच विकत घेतला असता.

सरांना देता न आलेले उत्तर मला असे कालगणनेतून मिळाले. आत्याआजी जन्मली तेव्हाच आलाची शेती मोडकळीला आली होती. १९६४ साली तिच्या अंगावर जे होते त्यात आल असण्याचा संभव जवळजवळ नाही. ते अलिझरीनच असणार. झाड गेले, रंग बदलला, आणि शब्द तेवढा मागे राहिला. सरांना हे सांगायला मी आलो तेव्हा ते निवृत्त होऊन गावी गेले होते. पत्राने कळवीन म्हणालो आणि कळवले नाही. हे व्याख्यान त्या न लिहिलेल्या पत्राच्या जागी समजावे.

आता कोणी म्हणेल, मग वनस्पतीज रंगांचा काळच चांगला होता. हल्ली हे फार ऐकू येते. प्रदर्शनांत 'नैसर्गिक' अशी चिठ्ठी लावलेली साडी दुप्पट किमतीला विकली जाते. मला ते इतके सरळ वाटत नाही. आलवण ज्यांनी नेसले त्यांनी ते निवडले नव्हते. ज्या समाजाने हळदीपासून कुंकू केले, त्यानेच विधवेच्या कपाळावरचा लाल पुसून तिच्या अंगावर मुळीचा लाल चढवला. त्या रंगात विष नव्हते, हे खरे. पण आत्याआजीला त्याचे काय?

दुसरे उदाहरण निळीचे. सर्व रंगद्रव्यांत नीळ सर्वांत चमत्कारिक. पाने पाण्यात कुजवली की जे द्रव्य सुटते ते हवेशी घुसळल्यावर निळे होऊन तळाशी बसते. हा निळा गाळ पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याने रंगवताही येत नाही. तेव्हा रंगारी तो रांजणात चुना, गूळ, टाकळ्याचे बी घालून पुन्हा आंबवतो, आणि निळा जाऊन पिवळट हिरवे पाणी होते. त्यात बुडवलेले सूत बाहेर काढले की प्रथम हिरवे दिसते आणि पाहता पाहता, हवेतच, निळे होते. पेरू देशात वाका प्रिएता येथे सापडलेल्या सुमारे सहा हजार वर्षांपूर्वीच्या सुती कापडावरही नीळ आहे. म्हणजे ही किमया पृथ्वीच्या दोन टोकांना स्वतंत्रपणे साधली. पण आमच्याकडे याच नैसर्गिक रंगापायी बंगालच्या रयतेवर जे जुलूम झाले, त्यांतून १८५९-६० चा उठाव झाला आणि सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला. चंपारणात बिघ्यातल्या वीस कठ्ठ्यांपैकी तीन कठ्ठ्यांत निळीची सक्ती होती. १८९७ मध्ये जर्मनीत कृत्रिम नीळ बाजारात आली आणि मळेवाल्यांचा धंदा बुडू लागला. तेव्हा त्यांनी काय केले? निळीच्या सक्तीतून सोडवण्याच्या मोबदल्यात कुळांचा सारा वाढवला. कारखान्याने लादलेला तोटा अशा रीतीने चंपारणच्या शेतकऱ्याच्या माथी आला, आणि १९१७ साली गांधीजी तिथे पोहोचले ते या पार्श्वभूमीवर. वनस्पती तीच, ती कोणी कोणाकडून पिकवून घेतली यावर सारे अवलंबून होते.

कृत्रिम रंगांची बाजू घेऊन मी बोलतो आहे, असेही कोणी समजू नये. माझ्या लहानपणी या शहराच्या गिरण्यांत आज कोणता रंग चालू आहे हे आम्हांला नाल्याच्या पाण्यावरून कळत असे. सोमवारी हिरवे, गुरुवारी शेंदरी. आम्ही मुले त्यावर पैजा लावत असू. ते पाणी खान नदीला मिळे, पुढे क्षिप्रेला. पैजा लावणाऱ्यांतल्या कोणालाही, आणि आमच्या वडीलधाऱ्यांनाही, यात काही वावगे वाटले नाही. अ‍ॅझो वर्गातील काही रंगांपासून कर्करोगाला कारणीभूत होणारी द्रव्ये सुटतात म्हणून जर्मनीने १९९४ साली त्यांवर बंदी घातली, आणि १९९७ मध्ये भारत सरकारने सत्तर अ‍ॅझो रंगांना मनाई केली. तोवर आमच्या गिरण्यांपैकी कित्येक बंद पडत चालल्या होत्या. हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद झाली; तिच्या कामगारांची देणी हाती पडायला २०२३ चा डिसेंबर उजाडावा लागला. पाण्याचा रंग गेला, त्याबरोबर हातांचे कामही गेले.

रंगाबरोबर धाग्याचाही विचार करावा लागतो, आणि तिथेही इंदूरची एक विसरलेली कथा आहे. माळव्याचा 'मालवी' कापूस देशी जातीचा, आखूड धाग्याचा, कोरडवाहू जमिनीत तग धरणारा. हातमागाला तो चालत असे. गिरण्यांना लांब धागा हवा होता. कापूस सुधारण्यासाठीच १९२४ साली येथे वनस्पती-उद्योग संस्था स्थापन झाली. होळकर दरबाराने जमीन दिली, भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने पैसा दिला आणि अल्बर्ट हॉवर्ड हे संचालक झाले. हॉवर्ड यांच्या लवकरच ध्यानात आले की, नुसते बी बदलून भागणार नाही. जमीन उपाशी आहे. मग त्यांनी शेतातला काडीकचरा, शेण, गुरांच्या मूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून तीन महिन्यांत खत करण्याची पद्धत बसवली. पऱ्हाट्यांचे खोड कठीण, ते कुजत नाही. तेव्हा पऱ्हाट्या रस्त्यावर पसरून गाड्यांच्या चाकांखाली चिरडून घेत. हीच जगभर 'इंदूर पद्धती' म्हणून प्रसिद्ध झाली. सेंद्रिय शेतीचा इतिहास लिहिणारा कोणीही आमच्या गावाचे नाव घेतल्यावाचून पुढे जात नाही.

पण या पद्धतीचे मूळ पुस्तक १९३१ साली ऑक्सफर्डने प्रसिद्ध केले, तेव्हा त्यावर दोन नावे होती. दुसरे नाव यशवंत वाड यांचे. संस्थेतील रसायनशास्त्राची बाजू त्यांनी सांभाळली होती. हॉवर्ड यांना पुढे सर ही पदवी मिळाली, १९४० च्या त्यांच्या ग्रंथाने त्यांना सेंद्रिय शेतीच्या प्रवर्तकांत बसवले. वाड यांचे नाव या शहरातल्या मराठी माणसांपैकी किती जणांनी ऐकले आहे? मी हा प्रश्न गेल्या काही वर्षांत निरनिराळ्या बैठकींत विचारून पाहिला. एका हाताची बोटे पुरली. हॉवर्ड यांच्या पत्नी गॅब्रिएल या स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. पुसा आणि इंदूर येथील संशोधनात त्या बरोबरीने होत्या, १९३० मध्ये वारल्या. त्यांचीही तीच गत. आम्ही आपल्या गावाच्या नावाचा अभिमान बाळगतो आणि ते नाव ज्यांनी कमावले त्यांना विसरतो. थोडे कडक बोललो असेन, पण तक्रार स्वतःविषयीही आहे. मलाही हे नाव साठी उलटल्यावर कळले.

देशी कापसाचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. अमेरिकी जाती आल्या, १९७० नंतर संकरित वाण आले, २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली, आणि आज देशी कापूस नाममात्र उरला आहे. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी आपल्या शेजारच्या निमाडात, स्वित्झर्लंडमधील एका सूत व्यापाऱ्याच्या सहकार्याने, सेंद्रिय कापसाची शेती सुरू झाली. तिथे खताचे जे ढीग रचले जातात ते पाहून वाड यांना आपली कृती ओळखता आली असती.

माझी नात मुंबईत वस्त्रविद्या शिकते. मागच्या दिवाळीत तिने एक कापड आणले. त्यावर तळहात ठेवला की हाताचा पांढरा ठसा उमटे आणि मिनिटाभरात मावळे. मी तिला म्हटले, हे कसे होते ते नीट सांग, आजोबा जुन्या काळचे असले तरी सरांचे विद्यार्थी आहेत. तिने सांगितले ते असे : केसापेक्षाही बारीक कुप्यांत एक रंगद्रव्य, एक सौम्य आम्ल आणि एक मेणासारखा पदार्थ असतो. थंडीत आम्ल रंगद्रव्याला धरून ठेवते, म्हणून रंग दिसतो. ऊब लागली की मेण वितळते, त्यांची फारकत होते आणि रंग नाहीसा होतो. या वर्गाच्या द्रव्यांना ल्यूको रंग म्हणतात. निळीच्या रांजणातल्या विरघळलेल्या अवस्थेलाही ल्यूकोच म्हणतात. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ पांढरा. शब्द ऐकून मी खूश झालो. मग विचारले, हे किती दिवस टिकते? ती म्हणाली, ऊन लागले आणि गरम पाण्यात धुतले तर फार नाही. १९९१ च्या सुमारास अमेरिकेत हायपरकलर नावाचे असे सदरे खूप खपले आणि धुलाईत बिघडून लवकरच मागे पडले, हेही तिनेच सांगितले.

रांजणातली नीळ बदलत असे ती पक्की होण्यासाठी. बागच्या हंड्यातला लाल बदलतो तो कायमचा बसण्यासाठी. नातीच्या कापडावरचा बदल हा निव्वळ खेळ आहे. मी खेळाच्या विरुद्ध नाही. फक्त त्या कापडाचा धागा पॉलिएस्टरचा, म्हणजे खनिज तेलाचा होता. तो न कुजता उरेल आणि त्यावरची गंमत त्याच्या कितीतरी आधी संपेल, हे तिला मी बोलून दाखवले. तिने वाद घातला नाही. उलट मलाच विचारले की आलाचा रंग तुम्ही स्वतः कधी पाहिला आहे का. आणि मला कबूल करावे लागले की नाही. आयुष्यभर ज्याच्याविषयी बोलत आलो तो रंग मी पाहिलेलाच नाही.

म्हणून शाळेच्या चालकांना एक विनंती करून थांबतो. प्रयोगशाळेच्या मागे जी मोकळी जागा आहे तिथे या पावसाळ्यात आलाची दोन रोपे लावावीत. एक तसेच वाढू द्यावे आणि त्याच्या पाटीवर 'आल' हे नाव मराठीत लिहावे. दुसरे तीन वर्षांनी, उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी, नववीच्या मुलांनी आणि मुलींनी मुळासकट खणावे. बारीक मुळ्या वेगळ्या काढून त्यांची साल कुटावी आणि हंड्यात उकळावी. तुरटी, तिळाचे तेल आणि पांढऱ्या मादरपाटाचा वारभर तुकडा मी आजच मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करतो आहे.